तो आकडा नोटीस बोर्डावर लावू नका सर, आधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मालाडकडच्या एका डिग्री कॉलेजातले एनएसएसचे सर आहेत, त्यांच्या मुलांनी गूगल फॉर्मवर चारशेच्या आसपास पोरापोरींचा सर्व्हे केला, विषय पिऊन गाडी चालवणं, आणि त्यात निम्म्याहून जास्त जणांनी लिहिलं की आमचे मित्र पिऊन गाडी चालवतात. आता कॉलेजचं म्हणणं की याचं मोठं पोस्टर करू, पथनाट्य करू, शपथ घेऊ. सर विचारतायत की एवढा डेटा हातात आहे तर त्यातून खरंच काहीतरी घडेल असं काय करता येईल.

मी मेडिकल सोशल वर्कर, अठरा वर्षं झाली, पहिली काही वर्षं कॅज्युअल्टीत नातेवाइकांशी बोलण्यात गेली आणि नंतर फील्ड सर्व्हे, मुंबई आणि ठाण्यात. म्हणून जरा लांब लिहिणारे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, ते पोस्टर नको. खरंच नको. ‘आपल्या कॉलेजातली निम्मी मुलं पिऊन गाडी चालवतात’ असं भिंतीवर लिहिलं की जो पोरगा चालवत नाही त्याला वाटतं अरे मीच एकटा येडा आहे, आणि जो चालवतो त्याला वाटतं चला, सगळेच करतात. आणि दुसरं म्हणजे तो आकडा तसा नाहीच. तुम्ही विचारलंत ‘मित्र चालवतात का’, म्हणजे एका ग्रुपमधला एक कोणीतरी बाळ्या चालवत असेल तर त्याचे आठही मित्र ‘हो’ लिहिणार, बाळ्या एकच, हो मात्र आठ. त्यामुळे त्या आकड्यावरून पोरं काय करतात ते कळत नाही, पोरांना काय वाटतं ते कळतं. आता गंमत अशी की हा आकडा फेकायचा नाहीये, उलट सगळ्यात कामाचा तोच आहे, फक्त त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला लागतो.

अमेरिकेत मोंटाना नावाचं राज्य आहे, तिथं २१ ते ३४ वयाच्या लोकांना विचारलं होतं की गेल्या महिन्यात दोन किंवा जास्त ड्रिंक घेऊन तासाभराच्या आत गाडी चालवलीत का. साधारण २० टक्के हो म्हणाले. आणि तुमच्या वयाचे बहुतेक लोक असं करतात असं वाटतं का, याला ९० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले. म्हणजे करणारे पाचात एक आणि सगळ्यांना वाटतंय की बहुतेक सगळेच करतात. मग त्यांनी राज्याच्या एका भागात नुसतं हेच सांगितलं, टीव्हीवर, रेडिओवर, बोर्डांवर, की पाचातले चार जण पिऊन चालवत नाहीत. अपघाताचे फोटो नाहीत, रडणारी आई नाही. आणि राज्याच्या दुसऱ्या भागाशी तुलना केली तर त्या भागात प्रमाण खाली आलं. आता मोंटाना कुठं, मालाड कुठं, तिथं मैलोन्‌मैल मोकळे रस्ते आणि घरटी गाडी, इथं पोरगा लोकलला लटकतो आणि बाइक मागून आणतो, तो आकडा उचलून इथं चिकटवायचा नाही. पण रीत घेण्यासारखी आहे: लोक काय करतात आणि लोकांना काय वाटतं, दोन्ही एकाच फॉर्मात विचारायचं आणि मधला गॅप बघायचा.

फक्त एक अट. तुमच्या पोरांमध्ये खरंच बहुसंख्य चालवत नसतील तरच हे सांगायचं. नसेल तसं तर खोटं बोलायचं नाही, पोरांना दोन दिवसांत कळतं, मग तुमचं कोणी ऐकणार नाही.

आता प्रश्न कसा विचारायचा, यात मी स्वतः तोंडावर आपटलेय म्हणून सांगते. माझ्या पहिल्या सर्व्हेत मी सरळ लिहिलं होतं, ‘आपण मद्यपान करून वाहन चालवता का?’ चिक्कार फॉर्म, आणि जवळपास सगळे ‘नाही’. मला वाटलं काय गुणी पोरं आहेत. मग गोरेगावला एका कट्ट्यावर बसून बोलायला लागले तर एक पोरगा, हातात हेल्मेट, म्हणतो, ‘मॅडम मी पिऊन कधीच चालवत नाय, शनिवारी तर दोन बियरच होत्या.’ त्याच्या लेखी ‘पिऊन’ म्हणजे टल्ली, म्हणजे ज्याला दोघांनी धरून रिक्षात कोंबावं लागतं तो. दोन बियर म्हणजे ‘नॉर्मल’. शेजारचा म्हणाला, ‘आणि बियर काय दारू असते का.’ झालं, माझे सगळे ‘नाही’ तिथंच पाण्यात.

त्या दिवसापासून मी ‘मद्यपान’ हा शब्द फॉर्मातून काढला. पोरं मद्यपान करत नाहीत, पोरं बसतात. ‘आज बसायचं का’ हाच शब्द आहे, मग विचारायचं पण तसंच: शेवटचं कधी बसलात? कुठं, बारमध्ये, मित्राच्या घरी, गच्चीवर, गाडीत, समुद्रावर? काय घेतलं, पाइंट, कॅन, मोठी बाटली, थर्टी, सिक्स्टी, नाइन्टी, क्वार्टर, आणि क्वार्टर किती जणांत? मग किती वाजता निघालात? घरी कसे पोचलात? गाडी कोणी चालवली आणि त्यानं काही घेतलं होतं का? म्हणजे ‘तुम्ही चुकीचं काम करता का’ असं कुठंच विचारलेलं नाही, एका रात्रीची गोष्ट विचारलीय, आणि गोष्ट सांगताना माणूस कमी खोटं बोलतो. ‘साधारणपणे’, ‘कधीकधी’, ‘नेहमी’ हे शब्द फॉर्मात असले की कचरा येतो. शेवटची वेळ विचारा.

बाटलीची साइज का विचारायची तेही सांगते. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्क्यांची, म्हणजे ३० मिलीच्या एका स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल. आणि ६५० मिलीची स्ट्राँग बियरची बाटली ८ टक्क्यांची धरली तर तिच्यात जवळजवळ ४० ग्रॅम. म्हणजे तो कट्ट्यावरचा पोरगा ज्याला ‘दोनच बियर’ म्हणत होता ते आठ स्मॉल पेग. त्याला हे मी बोटावर मोजून दाखवलं तर तो पहिल्यांदा गप्प झाला, बाकी माझं कुठलंच भाषण त्यानं ऐकलं नव्हतं. शरीर ताशी साधारण एवढाच एक पेग पचवतं, मग लिंबूपाणी प्या, कॉफी प्या, चखणा खा नाहीतर वडापाव खा, वेग तोच. कायद्यातली लिमिट १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्यांदा सापडला तर १० हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दोन्ही. आणि त्याच कलमात नशेचे बाकी पदार्थही आहेत, तिथं आकड्याची लिमिट नाही, गाडीवर ताबा राहत नाही एवढं पुरेसं, म्हणून फॉर्मात गांजाचा एक वेगळा प्रश्न ठेवा, बरीच पोरं बियर सोडून तिकडे जातात कारण मशीनमध्ये फुंकून ते कळत नाही असा त्यांचा हिशोब.

नाव. सर, तुमच्या गूगल फॉर्मात ईमेल गोळा करायचं सेटिंग चालू होतं का ते आधी बघा. चालू असेल तर अर्धी उत्तरं गेलीच समजा. लिंक क्लासच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकली आणि ग्रुपमध्ये क्लास टीचर आहेत, तर उरलेली अर्धीपण. आपल्या राज्यात बियरसाठी वय २१ आणि हार्ड लिकरसाठी २५, वर परमिट लागतं, म्हणजे तुमच्या कॉलेजातला पिणारा जवळपास प्रत्येक पोरगा आधीच कुठल्यातरी नियमाच्या पलीकडे उभा आहे, तो तुम्हाला ईमेल आयडीसकट लिहून देणारे का? छापील कागद, पेन सगळ्यांना एकसारखं, बंद खोका, खोका मुलांनीच मुलांसमोर उघडायचा. परमिटबद्दल अजिबात विचारू नका, काही उपयोग नाही, नुसती भीती. आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, नसेल कमिटी तर जवळच्या मेडिकल कॉलेजच्या कम्युनिटी मेडिसिनवाल्यांना गाठा, ते डिझाइनही बघून देतील.

अगदीच घाबरत असतील तर नाण्याची युक्ती आहे, १९६५ची जुनी आयडिया आहे, वॉर्नर नावाच्या माणसाची, मी त्यातला सोपा प्रकार वापरते. प्रत्येकानं खिशातलं नाणं कोणाला न दाखवता उडवायचं, छापा आला तर डोळे मिटून ‘हो’ लिहायचं, काटा आला तर खरं लिहायचं. कोणाचा ‘हो’ नाण्याचा आणि कोणाचा खरा, हे देवालापण कळणार नाही. पण हिशोब निघतो. समजा २०० पोरं, त्यातले साधारण १०० छाप्याचे ‘हो’. एकूण ‘हो’ आले १३०, म्हणजे उरलेल्या १०० जणांत ३० खरे, ३० टक्के. क्लासमध्ये केलं की पोरांना मजापण येते, स्टॅटचे सर खूश होतात. पण हे एका प्रश्नापुरतं, आणि पोरं कमी असतील तर आकडा फार हलतो, म्हणून शे-दीडशेत करू नका.

आता भागिले काय, याच्यावर जरा थांबते कारण इथं भलेभले घसरतात. समजा तुमचे ४०० फॉर्म. त्यातले १६० जण गाडी चालवतात, बाकीचे लोकल, बस, रिक्षा. त्या १६० मध्ये १०० जण कधीतरी पितात. आणि त्यातले २० जण गेल्या महिन्यात पिऊन चालवून आले. आता हे किती टक्के? ४०० वर ५ टक्के. १६० वर साडेबारा. १०० वर २० टक्के. तिन्ही बरोबर, तिन्हींचा अर्थ वेगळा, आणि पेपरवाल्याला हवा तो तो उचलणार. मुंबईत निम्म्याहून जास्त पोरांकडे गाडीच नसते, तर त्यांना धरून ‘आमची मुलं सुधारली’ म्हणणं म्हणजे शाकाहारी लोकांत मटणाचा खप मोजणं. तुम्ही रिपोर्टमध्ये तिन्ही द्या, आणि निर्णय घेताना तिसरा वापरा. आणि १०० वर काढलेला टक्का लई डगमगता असतो हेही लक्षात ठेवा, पाच टक्के इकडेतिकडे इतका नेमका आकडा हवा तर साधारण ३८४ लागतात, तेही वर्गच्या वर्ग न उचलता सगळीकडून चिठ्ठ्या टाकून निवडलेले.

सरकारी आकडा घेऊ का असं बरेच विचारतात. देशात २०२२ साली रस्त्यावर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि सरकारी नोंदीत त्यातली दारू-ड्रग्जच्या खात्यात जेमतेम अडीच टक्के. सत्तर टक्क्यांहून जास्त ओव्हरस्पीडिंगच्या नावावर. आता जो रात्री दोनला सुसाट गेला तो कशानं सुसाट गेला हे त्या रकान्यात येत नाही, आणि जो जागीच गेला त्याचं रक्त वेळेत तपासलं गेलं का हा वेगळाच विषय. कॅज्युअल्टीत मी बघितलंय, नातेवाईक पहिलं वाक्य हेच बोलतात, ‘घेत नाय हो तो’, कारण त्यांना इन्शुरन्सची धाकधूक असते. म्हणून तर लोकल सर्व्हे लागतो.

आणि एक प्रश्न जो तुमच्या फॉर्मात नाहीये, मागे बसणारे. ‘गेल्या महिन्यात पिलेल्या माणसाच्या बाइकवर मागे किंवा गाडीत बसलात का?’ हा घाला म्हणजे घालाच. याला लोक पटकन हो म्हणतात कारण यात त्यांची चूक वाटत नाही. आणि मुली इथं दिसायला लागतात, ज्या चालवण्याच्या प्रश्नात दिसतच नव्हत्या. एका मुलीनं कागदाच्या मागे लिहिलं होतं, फॉर्मात जागा नव्हती म्हणून मागे: ‘कळत होतं त्याला चढलीय, पण दीड वाजलेला, शेवटची ट्रेन गेलेली, रिक्षावाला एकटीला बघून जास्त मागत होता, आणि ग्रुपसमोर उतरते म्हणणं ऑकवर्ड झालं असतं.’ तीन कारणं, तिन्ही आपल्या शहराची, आणि एकालाही पथनाट्याचा उपयोग नाही.

इथंच सर्व्हेचं खरं काम सुरू होतं. तुम्ही ‘किती वाजता निघालात’ विचारलंत ना, त्याचा तासातासाचा तक्ता काढा. मुंबईत साधारण एक ते चार लोकल बंद. बार दीडपर्यंत. म्हणजे माणूस बाहेर पडतो तेव्हा नेमकी ट्रेन गेलेली असते. मीटर रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट, आणि बांद्रा-सायनच्या खाली रिक्षा नाही. लोअर परळहून मालाडला यायचं तर कॅबचे पैसे बघून तीन जण एका बाइकवर बसतात, आणि दुचाकीला सी लिंक बंद म्हणून माहीम-एसव्ही रोडनं येतात. हा नकाशा तुमच्या डेटातून निघाला तर उपायपण दिसतो, बारा पस्तीसला टेबलावरून उठायचं. म्हणजे ‘पिऊ नका’ नाही, ‘शेवटच्या ट्रेनला उठा’. पोरांनीच त्याचा अलार्म लावायचा, एकाच्या नाही तर चौघांच्या फोनवर.

दुसरं कारण हमखास निघतं, ‘गाडी तिथं ठेवली तर सकाळी टो होईल आणि पप्पांना कळेल’. हसू नका, हे फार मोठं कारण आहे. पोरगा जिवाला भीत नाही, पप्पांना भितो. मग उपाय गाडी सोडून येण्याचा नाही, गाडी न नेण्याचा, बसायचं ठरलं त्या ग्रुपवर पहिला मेसेज ‘गाडी कोण आणतंय’ याऐवजी ‘गाडी कोणीच आणू नका’. एका गणपती मंडळाच्या पोरांनी तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये रात्रभर गाडी ठेवायची सोय सोसायटीशी बोलून करून घेतली होती, कोणी विचारायचं नाही कोणाची म्हणून. हे मला सुचलं नव्हतं, कागदावर आलं होतं.

म्हणून जे नीट पोचले त्यांना जास्त विचारा. प्यायले होते, गाडी होती, तरी चालवली नाही, मग आलात कसे? आपण सगळे चुकणाऱ्यांच्या मागे असतो.

पोलिसांचं. मुंबईत २००७ पासून ड्रिंक-ड्राइव्हची मोहीम नेटानं चालू झाली आणि थर्टीफर्स्टला, होळीला, गटारीला नाका लागणार हे आता शेंबड्या पोरालापण माहितीये, त्या रात्री पोरं सांभाळून असतात. फॉर्मात विचारा: गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला थांबवून फुंकायला लावलं का, आणि आज रात्री पिऊन निघालात तर पकडले जाल असं वाटतं का? ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सनं डिसेंबर १९८२ पासून कोणालाही कुठंही थांबवून तपासायला सुरुवात केली, लोकांना ‘आज माझा नंबर लागू शकतो’ असं वाटायला लागलं आणि मृत्यू कमी झाले. दंड किती यापेक्षा सापडणार की नाही हे माणूस बघतो. तुमच्या डेटात समजा गुरुवार रात्री जास्त निघाली आणि नाका शनिवारी लागत असेल, तर दिवस-वेळेचा तक्ता घेऊन ट्रॅफिक चौकीला जा. पण फक्त दिवस आणि तास. बारचं नाव नाही, पोरांचं नाव तर नाहीच, एकदा पोरांना कळलं की सर्व्हे पोलिसांकडे गेला की पुढच्या वर्षी कोरे कागद मिळतील.

कॉलेजच्या बाहेरची पोरंपण धरा जमलं तर. डिलिव्हरीवाली, आयटीआयची, गोविंदा पथकातली, जिममधली. त्याच वयाची असतात, दिवसभर बाइकवर असतात, आणि त्यांना कोणी सर्व्हेत विचारतच नाही.

आणि परत कधी करायचा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, तेच प्रश्न, शब्द न बदलता. माझ्या ओळखीच्या एकांनी पहिला सर्व्हे जूनमध्ये केला, मग कार्यक्रम, मग दुसरा ऑगस्टमध्ये, आणि पिऊन चालवणारे धाडकन कमी झाले. सगळे खूश, पेढे वाटले. श्रावण चालू होता हो! अर्ध्या पोरांनी गटारीला शेवटची पिऊन बंद केलेली, घरी कांदापण येत नव्हता. कार्यक्रमाचं श्रेय महादेवाला द्यायला पाहिजे होतं. तर श्रावण, परीक्षा, थर्टीफर्स्ट, हे टाळा किंवा दोन्ही वेळा तेच धरा. आणि शेजारचं एखादं कॉलेज जिथं तुम्ही काहीच केलेलं नाही तिथंपण तोच फॉर्म भरून घ्या, नाहीतर बदल तुमच्यामुळे की पेट्रोल महागलं म्हणून, कळणार नाही. अजून एक, फॉर्मात एक अस्तित्वातच नसलेल्या गोळीचं नाव टाका, ‘ही घेतलीत का’. जे हो म्हणतील ते टवाळ, त्यांचे कागद बाजूला.

पथनाट्य करायचंच असेल तर करा, प्रिन्सिपल मॅडमना नाराज करू नका. फक्त शेवटी तो मेलेला मित्र आणि पांढरी चादर नको, त्याऐवजी तुमच्याच कागदांतली ती मुलगी घ्या, दीड वाजता, रिक्षावाला जास्त मागतोय, ग्रुप बघतोय, आणि प्रेक्षकांना विचारा, आता हिनं काय बोलायचं. पोरं ओरडून ओरडून वाक्यं सुचवतात. ती लिहून घ्या, पुढच्या फॉर्मात कामाला येतील. कोरा फॉर्म हवा असेल तर सांगा, मराठी-हिंदी दोन्हीत आहे, दोन पानांचा, फक्त ‘बसणं’ला हिंदीत काय लिहायचं यावर आमच्यात अजून भांडण चालू आहे.